मातीचा माणूस : ख्रिस्ती मानवविचार वाचताना

ख्रिस्ती धर्मशास्त्रात देव, ख्रिस्त, तारण आणि अंतकाळ यांच्या जोडीने माणसाविषयीही एक स्वतंत्र प्रकरण असते. माणूस कोण, तो कशाचा घडला आहे, त्याचे मोल कशावरून ठरते, त्याचे नेमके काय बिघडले आहे आणि मेल्यावर त्याचे काय होते, हे प्रश्न त्या प्रकरणात येतात. पाश्चात्त्य विद्यापीठांत या शाखेला ‘थिऑलॉजिकल अँथ्रोपॉलॉजी’ म्हणतात. मराठीत ‘मानवशास्त्र’ हा शब्द वंश, चालीरीती आणि समाजरचना यांच्या अभ्यासासाठी रूढ असल्यामुळे तिला ‘मानवविचार’ म्हणणे सोयीचे. या विषयावर जवळजवळ दोन हजार वर्षे लिहिले जात आहे, त्यामुळे वाचायला कुठून घ्यावे हा प्रश्न जिज्ञासू वाचकाला पडतोच. परंतु कोणते पुस्तक आधी आणि कोणते नंतर हे ठरवण्यापूर्वी एक गैरसमज वाटेतून दूर करावा लागतो, आणि तो दूर झाला की बरीचशी पुस्तके आपापल्या जागी बसतात.

तो गैरसमज असा की शरीर हे नाशवंत टरफल, त्यातला आत्मा तेवढा अविनाशी, आणि मृत्यूनंतर तो सुटून स्वर्गात जातो एवढेच ख्रिस्ती धर्माचे सांगणे आहे. अनेक ख्रिस्ती घरांतही अंत्यविधीच्या वेळी हीच समजूत बोलून दाखवली जाते. मराठी वाचकाला तर ती अधिकच ओळखीची वाटते, कारण ‘आत्मा’ हा शब्द उच्चारताच गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली, जुनी वस्त्रे टाकून नवी धारण करणाऱ्या देहीची उपमा मनात उभी राहते. बायबलचे लेखक मात्र बहुतेक वेळा या भाषेत बोलतच नाहीत. त्यांचा माणूस देहात वस्तीला आलेला पाहुणा नाही. तो अंतर्बाह्य घडवलेला, श्वासावर जगणारा आणि श्वास थांबला की मातीला मिळणारा प्राणी आहे.

हे पटवून घ्यायचे असेल तर हान्स वाल्टर वोल्फ या जर्मन अभ्यासकाचे जुन्या करारातील मानवविचारावरचे पुस्तक हाती घ्यावे. मूळ जर्मन ग्रंथ १९७३ मध्ये आणि त्याचे इंग्रजी भाषांतर लगेच पुढच्या वर्षी निघाले, आणि पन्नास वर्षांनंतरही त्याची पहिली काही प्रकरणे शिळी झालेली नाहीत. वोल्फ यांची रीत साधी आहे: हिब्रू भाषेत माणसासाठी जे शब्द येतात ते एकेक घ्यायचे आणि ते शरीराच्या कोणत्या अवयवापासून निघाले हे पाहायचे. त्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘नेफेश’. त्याचे भाषांतर शतकानुशतके ‘आत्मा’ या अर्थाच्या शब्दांनी होत आले, पण त्याचा एक मूळ अर्थ आहे घसा, गिळण्याचा आणि श्वास घेण्याचा मार्ग. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात अधोलोक आपला ‘नेफेश’ रुंद करून माणसे गिळतो, तेथे घशाखेरीज दुसरा अर्थ बसतच नाही. एकोणसत्तराव्या स्तोत्रात बुडणारा माणूस पाणी ‘नेफेश’पर्यंत आल्याचे सांगतो. घशावरूनच मग तहान, भूक, ओढ, प्राण आणि शेवटी ‘माणूस’ असे अर्थ फुटत गेले; याकोबाच्या घराण्यातील मिसरात गेलेली माणसे मोजताना उत्पत्तीचा लेखक सत्तर ‘नेफेश’ म्हणतो.

येथे मराठी वाचकाकडे एक अशी सोय आहे जी इंग्रजी वाचकाकडे नाही. मराठीत प्राण कंठाशी येतात, जीव तहानेने कासावीस होतो, कुणावर जीव जडतो, कुणाचा जीव जातो, घरात खाणारे पाच जीव असतात आणि गर्भार बाई दोन जिवांची असते. ‘नेफेश’चा जवळजवळ सगळा पसारा ‘जीव’ या एका शब्दात मावतो, आणि मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी बऱ्याच ठिकाणी तोच वापरला आहे. इंग्रजीत काय घडले हे त्याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात जनावरांना आणि दुसऱ्या अध्यायात माणसाला हिब्रूत एकच संज्ञा लावलेली आहे, ‘नेफेश खय्या’ म्हणजे जिवंत जीव. पण १६११ च्या सुप्रसिद्ध इंग्रजी भाषांतराने जनावरांसाठी ‘प्राणी’ या अर्थाचा आणि माणसासाठी ‘आत्मा’ या अर्थाचा शब्द घातला, त्यामुळे मूळ लेखकाने शेजारी बसवलेले गुरे आणि गुराखी भाषांतरात दोन वेगळ्या पंगतींना गेले. अर्थात याची सुरुवात त्याहून फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या-दुसऱ्या शतकात हिब्रू ग्रंथांचे ग्रीक भाषांतर झाले तेव्हा ‘नेफेश’साठी ‘प्सूखे’ हा शब्द आला, आणि तो प्लेटोच्या अमर आत्म्याचा वास अंगावर घेऊनच आला.

भाषांतरातील शब्दांची ही अडचण मराठी माणसांनीही ओळखली होती. काशीत वाढलेले चित्पावन पंडित नीळकंठशास्त्री गोरे यांनी १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ते नेहेम्या गोरे या नावाने ओळखले गेले. त्यांच्या ‘षड्दर्शन दर्पण’ या हिंदी ग्रंथात सहा दर्शनांशी जो वाद आहे, त्यातील एक मुख्य मुद्दा जीवाच्या अनादित्वाचा आहे: जीव जर ईश्वराइतकाच अनादी असेल, तर ईश्वर त्याचा निर्माता कसा, असा त्यांचा प्रश्न. वादाचा सूर आज खटकेल इतका कडक आहे आणि प्रतिपक्षाला सगळीकडे न्याय मिळाला आहे असेही म्हणता येत नाही, पण ख्रिस्ती मानवविचार आणि भारतीय दर्शने नेमकी कुठे फुटतात हे ज्याने दोन्ही बाजू आतून पाहिल्या त्या माणसाकडून समजून घ्यायचे असेल तर हा ग्रंथ टाळता येत नाही. गोऱ्यांचा प्रभाव पडलेल्या पंडिता रमाबाईंनी पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून बायबलचे स्वतःचे मराठी भाषांतर केले. खेड्यातल्या बाईलाही कळेल अशी सोपी मराठी आणि वेदान्ताच्या छटा नसलेले शब्द हा त्यांचा आग्रह होता. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि भाषांतर १९२४ मध्ये बाहेर पडले. याच्या अगदी उलट वाट त्याआधी तीनशे वर्षे गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी घेतली होती. १६१६ च्या त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त आदाम-एवेची कथा ओवीत येते, स्वर्गाला वैकुंठ म्हटले जाते आणि शंका विचारायला ब्राह्मण श्रोता समोर बसलेला असतो. दोन्ही वाटांचे तोटे उघड आहेत, पण वाचनाचा आनंद विचाराल तर पारडे ख्रिस्तपुराणाकडे झुकते.

माणूस जनावरांसारखाच जीव असेल तर त्याचे वेगळेपण कशात, या प्रश्नाला उत्पत्तीचा पहिला अध्याय एका शब्दाने उत्तर देतो. माणूस देवाचे ‘प्रतिरूप’ आहे. हिब्रूत येथे दोन शब्द येतात, ‘त्सेलेम’ आणि ‘दमूत’, आणि या जोडीवर जेवढी शाई सांडली आहे तेवढी बायबलमधल्या फार थोड्या शब्दांवर सांडली असेल. दुसऱ्या शतकातील लियॉनचे बिशप इरेनेयस यांनी त्यांत फरक केला. त्यांच्या मते प्रतिरूप माणसाला जन्मतः मिळते, साम्य मात्र देवाच्या आत्म्याच्या संगतीत वाढत वाढत मिळवायचे असते; आदाम हा पूर्णत्वाला पोचलेला महात्मा नसून अजाण लेकरू होता. पतनाची कथा या नजरेने वाचली की ती राजवाड्यातून हकालपट्टी होण्यापेक्षा वाढीच्या वयात वाट चुकल्यासारखी दिसते, आणि पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळीत आजही याच वळणाचा विचार अधिक चालतो.

तरीही मूळ लेखकाच्या मनात या दोन शब्दांत फरक नसावा, असे मानायला एक भक्कम आधार १९७९ मध्ये मातीतून वर आला. ईशान्य सीरियातील तेल फेखेरिये येथे बेसॉल्ट दगडाचा, छातीशी हात जोडून उभ्या असलेल्या पुरुषाचा पुतळा सापडला. तो ख्रिस्तपूर्व नवव्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. त्याच्या घोळदार वस्त्रावर पुढच्या बाजूला असुरी भाषेत आणि मागच्या बाजूला अरामी भाषेत लेख कोरलेला आहे. असुरी लेखात हा पुरुष नुसता सुभेदार आहे, अरामी लेखात मात्र तो स्वतःला राजा म्हणवतो. याच अरामी लेखात त्या पुतळ्याला एका जागी ‘त्सेलेम’शी आणि दुसऱ्या जागी ‘दमूत’शी सख्खे नाते सांगणारे शब्द लावलेले आहेत. दोन्ही शब्द एकाच दगडी मूर्तीसाठी आले आहेत. असुरी आणि मिसरी राजे स्वतःला देवाची प्रतिमा म्हणवून घेत आणि पुतळ्याच्या रूपाने आपली हजेरी दूरवर लावत, ही गोष्ट आधीपासून ठाऊक होतीच. हे सारे जमेस धरले की उत्पत्तीच्या लेखकाचे धारिष्ट लक्षात येते, कारण ज्या काळात देवाची प्रतिमा म्हणवून घेण्याचा मान सिंहासनावरच्या माणसाला होता, त्या काळात त्याने तो मान सगळ्या मनुष्यजातीला, आणि पुरुष व स्त्री असा दोघांचाही उल्लेख करून, देऊन टाकला. बाबिलोनच्या ‘अत्राहासिस’ या आख्यानात कामाला कंटाळलेल्या कनिष्ठ देवांची सुटका व्हावी म्हणून माती आणि ठार मारलेल्या देवाचे रक्त कालवून माणूस बनवला जातो, थोडक्यात बिगारी म्हणून. जे. रिचर्ड मिडल्टन यांच्या २००५ च्या ‘द लिबरेटिंग इमेज’ या पुस्तकात ही सगळी तुलना सविस्तर आहे. ते थोडे लांबलेले आहे, पण प्रतिरूपावर एकच आधुनिक पुस्तक वाचायचे असेल तर तेच वाचावे.

प्रतिरूपाच्या कल्पनेतून काय निघू शकते याचा सर्वांत ठसठशीत नमुना चौथ्या शतकातला आहे. आजच्या तुर्कस्तानातील कप्पदुकियाचे बिशप, निस्साचे ग्रेगरी, उपदेशक या पुस्तकावर प्रवचने देत असताना दासदासी विकत घेतल्याची बढाई असलेल्या वचनापाशी थांबतात आणि खरेदीदाराला हिशेब विचारू लागतात: देवाच्या प्रतिरूपाची किंमत किती नाणी लावली, विक्रीखतावर काय लिहिले, आणि ज्याला साऱ्या पृथ्वीचा कारभार दिला आहे त्याचा विक्रेता कोण? त्या काळातील इतर ख्रिस्ती लेखक मालकांना दयाळूपणे वागण्याचा उपदेश करत होते; मालकीच मुळात अशक्य आहे असे म्हणणारा आवाज हा जवळजवळ एकटाच. त्या प्रवचनाने गुलामगिरी हलली नाही, आणि पुढे ख्रिस्ती म्हणवणाऱ्या राष्ट्रांनीच अटलांटिकवर माणसांचा व्यापार केला, ही गोष्ट या प्रवचनाबरोबर लक्षात ठेवूनच ते वाचले पाहिजे.

भारतात हाच धागा दलित ख्रिस्ती विचारवंतांनी उचलला. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी शूद्रांच्या धर्मशास्त्राची मांडणी करणारे व्याख्यान दिले, आणि पुढे चेन्नईच्या गुरुकुल महाविद्यालयात दलित धर्मशास्त्राचा विभाग त्यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला. भारतीय ख्रिस्ती विचार तोवर ब्राह्मणी दर्शनांशी संवाद साधण्यातच गुंतला होता, तर मंडळीतले बहुसंख्य लोक गावकुसाबाहेरून आलेले होते, ही त्यांची तक्रार. ज्यांना माणूस म्हणूनच मोजले गेले नाही त्यांचे पूर्ण माणूसपण साकार होणे म्हणजेच देवाचे प्रतिरूप प्रत्यक्षात येणे, असे ते मांडतात. मराठी वाचकाला या मांडणीशेजारी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ठेवता येतील. तो धर्मशास्त्राचा ग्रंथ नव्हे, पण सोवळ्यात वाढलेल्या बाईच्या मनातून विटाळाची कल्पना कशी गळून पडली याची त्यातली पाने प्रतिरूपाच्या कल्पनेचे स्वयंपाकघरातले रूप दाखवतात.

या कल्पनेलाही एक जुना रोग आहे. ग्रीक तत्त्वज्ञानाच्या संगतीने बहुतेक पाश्चात्त्य आचार्यांनी प्रतिरूप म्हणजे बुद्धी असा अर्थ रूढ केला. ऑगस्टीन यांना ते स्मृती, आकलन आणि इच्छा या मनाच्या त्रयीत दिसले. मग ज्याची बुद्धी कधी उमललीच नाही त्याचे काय? ज्या स्त्रीला बुद्धीने उणी ठरवले तिचे काय? दुसऱ्या प्रश्नावर ऑगस्टीन यांची तारांबळ उडालेली ‘त्रित्व’ या ग्रंथाच्या बाराव्या खंडात दिसते. पहिला प्रश्न डच नीतिशास्त्रज्ञ हान्स राइंडर्स यांनी २००८ च्या ‘रिसीव्हिंग द गिफ्ट ऑफ फ्रेंडशिप’मध्ये सरळ अंगावर घेतला. तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेली व्यक्ती स्वतःविषयी काहीच सांगू शकत नसेल तर तिचे माणूसपण कशाच्या आधारावर उभे राहते, असे विचारून ते उत्तर देतात की माणसाचे मोल त्याच्या कोणत्याही क्षमतेत नाही, देवाने त्याच्याशी जोडलेल्या मैत्रीत आहे. कार्ल बार्ट यांनीही प्रतिरूपाचा अर्थ नातेसंबंध असाच लावला होता, आणि खरा माणूस पाहायचा तर आदामाकडे नव्हे, येशूकडे पाहावे लागते असा त्यांचा हट्ट होता. त्यांच्या ‘चर्च डॉग्मॅटिक्स’ या महाग्रंथातील १९४८ चा खंड या विषयाला वाहिलेला आहे. तो शेकडो पानांचा आहे, आणि नवख्या वाचकाने त्याच्या वाट्याला न गेलेलेच बरे.

आता बिघाडाकडे. ख्रिस्ती मानवविचारात ‘पाप’ हा शब्द एकेका दुष्कृत्यासाठी कमी आणि माणसाच्या वाकड्या झालेल्या घडणीसाठी अधिक वापरला जातो, आणि ती घडण समजून घ्यायला ऑगस्टीन यांच्या ‘कन्फेशन्स’च्या दुसऱ्या खंडातील नासपतीच्या चोरीइतके चांगले दालन नाही. प्रसंग अगदी क्षुल्लक आहे. आजच्या अल्जीरियातील थागास्ते या गावी सोळा वर्षांचा ऑगस्टीन, पैशांअभावी शिक्षण मध्येच थांबल्यामुळे घरी बसलेला, मित्रांच्या टोळक्याबरोबर रात्री एका झाडाची फळे पाडून आणतो. फळे दिसायलाही धड नसतात आणि चवीलाही. त्याच्या घरी याहून चांगली असतात. बरीचशी शेवटी डुकरांपुढे टाकली जातात. चाळिशी ओलांडलेला बिशप मग पानेच्या पाने स्वतःला खोदत राहतो: भूक नव्हती, लोभ नव्हता, मग हवे काय होते? एकटा असतो तर चोरी केलीच नसती, म्हणजे मित्रांची सोबत हवी होती का? की ज्याची मनाई आहे ते केले, एवढ्यानेच मिळणारी खोटी मोकळीक हवी होती? खून किंवा व्यभिचार निवडला असता तर वाचक दचकला असता आणि स्वतःला वगळून मोकळा झाला असता. नासपतीच्या बाबतीत तशी पळवाट नाही. इंग्रजीत हेन्री चॅडविक यांचे १९९१ चे भाषांतर स्वच्छ आणि टिपांनी समृद्ध आहे. पहिले नऊ खंड आत्मकथनाचे, दहावा स्मृतीवरचा. शेवटचे तीन काळ आणि सृष्टी यांवरचे असून ते पहिल्या वाचनात सोडले तरी चालतात.

याच ऑगस्टीन यांच्या नावावर वारसापापाचा सिद्धान्तही आहे, म्हणजे आदामाचा अपराध साऱ्या वंशाकडे जन्माबरोबर येतो ही शिकवण. मूळ ब्रिटनचे आणि रोममध्ये वजन असलेले साधू पेलेगियस यांना हे मान्य नव्हते. देवाने आज्ञा दिली त्या अर्थी ती पाळण्याची शक्तीही माणसात असलीच पाहिजे, एरवी आज्ञेला अर्थ काय, असा त्यांचा सरळ हिशेब. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलेगियस यांचे मत फेटाळले. या वादात भाषांतराने पुन्हा एकदा हात धुऊन घेतले. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील बाराव्या ओवीत ग्रीक मजकुराचा कल ‘कारण सर्वांनी पाप केले’ या अर्थाकडे आहे, पण ऑगस्टीन यांच्या हातातल्या लॅटिन पाठातून ‘ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केले’ असा अर्थ निघत होता. ग्रीक वाचणाऱ्या पूर्वेकडील मंडळीने माणसाला वारशाने मृत्यू आणि दुर्बलता येते असे मानले, दोष नव्हे. तो फरक आजवर मिटलेला नाही. पेलेगियस वाचताना सहानुभूती वाटते, पण व्यसनाच्या विळख्यात सापडलेल्या कुणाला जवळून पाहिलेल्या वाचकाला ऑगस्टीन अधिक पटतात, असे म्हणायला हरकत नाही.

पुढच्या शतकांतून दोनतीन नावे पुरेत. ल्यूथर यांनी पापी माणसाचे वर्णन स्वतःकडेच वाकलेला असे केले, आणि ते एक विशेषण अनेक ग्रंथांच्या तोडीचे आहे. पास्काल १६६२ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या नियोजित ग्रंथाच्या जागी कात्रीने कापून, काही दोऱ्यात ओवून ठेवलेल्या चिठ्ठ्या सापडल्या. १६७० मध्ये त्या ‘पाँसे’ या नावाने छापल्या गेल्या. माणूस किती थोर आणि किती दीन आहे, ही दोन्ही टोके एकाच वेळी हातात धरण्याचा तो प्रयत्न आहे. तो सलग वाचू नये, रोज दोन पाने वाचावा. किर्केगॉर यांचा १८४९ चा ‘मरणाप्रत नेणारा आजार’ नैराश्याविषयी आहे, मात्र त्यांच्या लेखी नैराश्य ही मनःस्थिती नसून स्वतःशी असलेल्या नात्याचा बिघाड आहे: कुणाला आपण कुणी आहोत याचा पत्ताच नसतो, कुणाला आपण आहोत ते असणे नको असते, आणि कुणी देवाला डावलून हट्टाने स्वतःच स्वतःचा निर्माता होऊ पाहतो. पहिले पान मुद्दाम वाचकाला पळवून लावण्यासाठी लिहिल्यासारखे अवघड आहे. ते उलटून पुढे जावे.

अमेरिकन विचारवंत राइनहोल्ड नीबर यांनी १९३९ मध्ये एडिनबरो येथे गिफर्ड व्याख्याने दिली, आणि ती मालिका चालू असतानाच्या काळात जवळच्या खाडीतील नौदलाच्या तळावर जर्मन विमानांचा हल्ला झाला. ‘द नेचर अँड डेस्टिनी ऑफ मॅन’ या नावाने ती व्याख्याने दोन खंडांत निघाली. माणूस निसर्गाच्या मर्यादेत अडकलेला आहे आणि त्या मर्यादेच्या बाहेर उभा राहून तिच्याकडे पाहूही शकतो. या अवघड जागेतून धास्ती निर्माण होते, आणि धास्ती झाकायला माणूस गर्वाचा आश्रय घेतो, व्यक्ती म्हणून आणि त्याहून भयंकर म्हणजे राष्ट्र म्हणून, असा त्यांचा सिद्धान्त. युद्धाच्या तोंडावर तो खरा वाटला यात नवल नाही. पण १९६० मध्ये व्हॅलरी सेव्हिंग या तरुण अभ्यासिकेने एका छोट्या निबंधात विचारले की हा ‘माणूस’ कोण? गर्व, सत्तेची हाव, स्वतःला मध्यभागी ठेवणे हे पुरुषांच्या अनुभवातले पाप असेल. दिवसभर दुसऱ्यांच्या गरजांत विखुरलेल्या, स्वतःचे असे काही उरू न दिलेल्या बाईला आणखी निःस्वार्थ हो असे सांगणे म्हणजे तिच्या दुखण्यालाच खतपाणी घालणे होय. नीबर यांच्या दोन जाड खंडांनंतर हा निबंध वाचला की एखाद्या भरलेल्या सभेत मागच्या रांगेतून कुणीतरी उठून नेमका प्रश्न विचारावा तसे वाटते.

राहिला मृत्यूनंतरचा माणूस, आणि येथे पहिल्या गैरसमजाकडे परत यावे लागते. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात आत्म्याच्या अमरत्वाचा उल्लेख नाही, देहाच्या पुनरुत्थानाचा आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी आत्मा हा देहाचे ‘रूप’ आहे असे म्हटले, म्हणजे देहाला जिवंत मानवी देह बनवणारे तत्त्व, नावेत बसलेल्या नावाड्यासारखी वेगळी वस्तू नव्हे. करिंथकरांस पहिल्या पत्रावरील भाष्यात तर ते स्पष्ट करतात की आत्मा म्हणजे संपूर्ण माणूस नव्हे, आणि केवळ आत्मा तरला तर माणूस तरला असे होत नाही. १९५५ मध्ये ऑस्कर कुलमान यांनी हार्वर्डमधील व्याख्यानात दोन मृत्यू समोरासमोर ठेवले. सॉक्रेटिस मित्रांशी शांतपणे बोलत विषाचा पेला पितो, कारण मृत्यू त्याला देहाच्या कैदेतून सोडवणारा वाटतो. येशू गेथशेमाने बागेत व्याकूळ होतो, शिष्यांना जागे राहा म्हणून विनवतो, प्याला टळावा म्हणून प्रार्थना करतो, कारण त्याच्या लेखी मृत्यू शत्रू आहे. शंभर पानांच्या आतल्या या छापील व्याख्यानाने जेवढे कौतुक आणि जेवढा रोष ओढवून घेतला तेवढा आपल्या दुसऱ्या कोणत्याही लेखनाने नाही, असे कुलमान यांनीच नमूद केले आहे. त्यांची विभागणी फार काटेकोर आहे हा आक्षेपही रास्त आहे. योझेफ रात्सिंगर यांनी १९७७ च्या आपल्या अंतकाळविषयक ग्रंथात आत्म्याची बाजू घेतली, पण ती घेताना आत्म्याचे टिकणे देवाशी चाललेल्या संवादावर अवलंबून ठेवले, आत्म्याच्या अंगच्या अविनाशी द्रव्यावर नव्हे. मेंदूविज्ञानाशी हा विचार कसा जुळतो हे पाहायचे असेल तर नॅन्सी मर्फी यांचे २००६ चे छोटे पुस्तक वाचावे. माणूस पूर्णतः शारीरिक आहे, तरीही त्याचे प्रेम, प्रार्थना आणि जबाबदारी यांचा हिशेब नुसत्या पेशींच्या भाषेत पुरा होत नाही, अशी त्यांची भूमिका आहे.

देहाचे पुनरुत्थान म्हणजे कोणत्या देहाचे, हा प्रश्न मात्र नॅन्सी आइसलँड यांनी १९९४ च्या ‘द डिसेबल्ड गॉड’मध्ये विचारला तसा आधी फारसा कुणी विचारला नव्हता. समाजशास्त्रज्ञ असलेल्या आइसलँड यांना जन्मतः हाडांचे व्यंग होते, आणि स्वर्गात तू धडधाकट होशील असे दिलासे त्यांनी लहानपणापासून ऐकले होते. त्या दिलाशांनी त्यांना बरे वाटले नाही. आपले शरीर हीच आपली ओळख असताना देव त्याशिवाय आपल्याला ओळखणार कसा, असे त्यांना वाटे. उत्तर त्यांना लूकच्या शेवटच्या अध्यायात सापडले. तेथे मेलेल्यांतून उठलेला येशू घाबरलेल्या शिष्यांपुढे उभा राहतो. त्यांना वाटते भूत आहे. तो आपले हात आणि पाय पुढे करतो, खिळ्यांनी विद्रूप झालेले, तसेच राहिलेले. चाचपून पाहा म्हणतो. तरीही त्यांचा विश्वास बसत नाही, तेव्हा तो खायला काही आहे का असे विचारतो, आणि त्यांनी दिलेला भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यादेखत खातो.